सवाशिणीच्या हातची कोंबडी

डिचोलीच्या बाजारात सकाळी उंडे-पाव विकणाऱ्याची सायकल वाजून गेली की कोंबडीची दोन दुकानं उघडत. दोन्ही एकाच घरातली, भिंतीला भिंत लागून. एक थोरल्या जयरामचं. तिथे गल्ल्यावर त्याची बायको शेवंती. दुसरं त्याच्या वारलेल्या धाकट्या भावाचं; ते आता भावाची विधवा कमलाक्षी चालवी. आणि गिऱ्हाईक? सगळं कमलाक्षीकडे! शेवंतीच्या पोटात दुखायचं ते इथेच.

कारण काही लपलेलं नव्हतं. कमलाक्षी रोज मांस तोडायच्या ओंडक्यावर मीठ घासून कढत पाणी ओती. साबणाने हात धुतल्याशिवाय सुरीला शिवत नसे. समोरून खाणीचे ट्रक लाल धुरळा उडवत जात, म्हणून तिने मांसावर जाळीचं झाकण घातलं होतं. शेवंतीच्या ओंडक्याला मात्र सासऱ्याच्या काळापासून पाणी लागलं नव्हतं. ओंडका धुतला की दुकानाची लक्ष्मी धुवून जाते म्हणे! सुरीने खरवडायचा, फडकं फिरवायचं, झालं.

"ती रोज लक्ष्मी धुता, आनी गिरायक तिच्याच दारात!" शेवंती नवऱ्यावर चवताळे. "तुमी बसा माशी मारीत!"

"तिचां दुकान साफ आसता गो," जयराम एकदा चुकून बोलून गेला.

"मगे माजां घाण काय?"

त्या रात्री तो बिचारा जेवला तो मान खाली घालूनच.

खरं सांगायचं तर शेवंतीला नुसता धंदा सलत नव्हता. बाजारच्या बायका कमलाक्षीशी हसून बोलत, तेही सलत होतं. आपल्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, तिचं कपाळ पांढरं, तरी मान तिला? ह्या विचाराने तिला झोप लागत नसे.

अशात जयरामचं बोट कापलं. जखम चिघळली, पू धरला. "दोन दीस बंद ठेवूया," तो म्हणाला.

"ठेवा! आसत ती गिरायकां पन तिच्या घशात घाला! चिंधी बांधा आनी बसा."

त्याने चिंधी बांधली आणि बसला.

त्याच सकाळी विमलाबाई आली. तिची सून सुलोचना पोटुशी होती. तिला कोंबडीच्या झणझणीत शागोतीचे डोहाळे लागले होते, म्हणून माहेरच्या माणसांना जेवायला बोलावलं होतं. विमलाबाई नेहमीसारखी कमलाक्षीकडे गेली. कमलाक्षीने कोंबडी उचलली, तोच शेवंती ओरडली, "विमलाबाय! पोटुशी सुनेक विधवेच्या हातचां घालतलंस? सवाशीण हंय जिती आसा मगे!"

विमलाबाई घुटमळली. कमलाक्षीच्या तोंडाकडे न बघता ती शेवंतीकडे आली. कमलाक्षीने कोंबडी हळूच खाली ठेवली. शेवंतीने ते डोळे भरून पाहिलं. इतकं सुख तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

जयराम तोडायला बसला. चिंधी सुटली, बोटातला पू मांसावर ओघळला. शेवंतीने ते पाहिलं. काल उरलेले, वास धरलेले तुकडेही तिने त्यातच ढकलले. हो, जाणूनबुजून! मांस कमी पडलं तर एवढं गिऱ्हाईक परत जाईल, ही धास्ती.

संध्याकाळपर्यंत विमलाबाईचं सगळं घर ओकाऱ्या आणि जुलाबांनी आडवं झालं. सुलोचनाला म्हापशाच्या इस्पितळात नेलं. ती वाचली. पोटातलं मूल वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी लोक जमले ते कमलाक्षीच्या दारात. "सुनेच्या नावान कोंबडेक पयलो हात हिचो लागललो!" दुकानदार गोकुळदास गरजला. "बंद कर दुकान!" दोघांनी तिचे पिंजरे ओढून रस्त्यावर आणले.

"माजो हात लागलो म्हणान पोर गेलां?" कमलाक्षी म्हणाली. "मगे बाकीची कित्याक वकली?"

ती जावेकडे वळली. "वयनी, तू तरी सांग."

शेवंतीने रस्त्यावरच्या पिंजऱ्यांकडे पाहिलं. एवढ्यासाठीच तर तिने देवाला नवस केले होते. आता नुसतं तोंड मिटून उभं राहायचं, की दुकान बंद, सगळं गिऱ्हाईक आपलं!

तेवढ्यात विमलाबाई आली. डोळे सुजलेले. तिने शेवंतीचा हात हातात घेतला. "तूच खरी माजी. तिच्याकडे आदी गेलंय, हीच माजी चूक."

शेवंतीला तो हात सोसवेना.

"सोड, विमलाबाय! तुज्या नातवाक मी मारलंय. माज्या घोवाचां बोट पिकलां होतां, मांसाक पू लागलो, मी बघलंय. कालचां कुसकां मांस मी भरलंय. ओंडको आमी कधी धुवूक नाय. कमलाक्षीचो कसलोच दोष नाय. माका तिचो हेवो होतो, हेवो!"

विमलाबाईने हात सोडला आणि घरची वाट धरली. शेवंती भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडू लागली. पिंजरे परत आत नेऊन ठेवायला कोणी पुढे झालं नाही.

गोकुळदासाने घसा खाकरला. "तां खरां," तो म्हणाला, "तरी पन... शुभकार्याक विधवेच्या हातचां नाकाच."

आणि जमलेल्यांतल्या निम्म्यांनी मान डोलावली! कोणत्या घाणीने मूल गेलं ते कानांनी ऐकून, वर मान डोलावली. वाचकहो, त्या गर्दीत तुम्ही असता, तर तुमची मान स्थिर राहिली असती का?