सरकलेली गादी

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात जळकोटकडच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. माळावरच्या गादीबाबाच्या मांडवात मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. पाठीचे रोगी जीपमधून, बाजेवरून येत. बाबा त्यांना पालथं निजवी, कमरेवर ओला लाल कपडा टाकी आणि गरजे, "डाक्टर चिरतो, आमी वडतो! मनक्या रं मनक्या, गादी सोड!" कपड्याखालून चिमटीत एक पांढरा, चिवट तुकडा निघे. ना चिरा, ना टाका! तुकडा लगेच धुनीत पडे आणि मांडवात एकच जयजयकार उठे.

बाबाचा सगळ्यात मोठा साक्षीदार होता टँकरचालक रामकिशन. खड्ड्यांतून टँकर हाकून त्याच्या मणक्यातली गादी सरकली होती. नांदेडच्या दवाखान्यात डॉ. विनीता अशाच रोग्यांचा अभ्यास करत होत्या. रोग्यांच्या संमतीनं चिठ्ठ्या टाकून काहींचं लगेच ऑपरेशन होई, तर काहींना गोळ्या-व्यायाम देऊन थांबवत. रामकिशन थांबणाऱ्यांत आला. पण पायातल्या कळा सोसेनात, म्हणून तो मधेच बाबापुढे पालथा झाला. पुढे थोड्याच दिवसांत पाय मोकळा झाला. मग टँकर जाई त्या गावात तो पाण्याबरोबर बाबाची कीर्तीही पोचवू लागला. आपण खोटं बोलतोय असं त्याला कधी वाटलं नाही. म्हणूनच लोकांना ते पटे.

एक दिवस त्याची बहीण सरजाबाई घागर उचलताना कळवळून खाली बसली. दोन्ही पाय जड पडले, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी होईना.

"दादा, मला नांदेडला ने."

"नांदेडला कशाला? माझ्याकडं बघ की. बाबा हाय ना!"

बाबानं गादी 'काढली'. दुसऱ्या दिवशी सरजाबाईला उभंही राहता येईना. बाबा म्हणाला, "बाईचा भाव कच्चा हाय."

रामकिशन तिच्यावरच चिडला. "सरजे, मनापासून हात जोड की!"

पोट फुगून ती तळमळायला लागली तेव्हा कुठे त्यानं तिला नांदेडला नेलं.

ऑपरेशन तातडीनं झालं. बाहेर आल्यावर डॉ. विनीता म्हणाल्या, "त्या चालतील. लघवीची नळी मात्र सुटेल की नाही, आज सांगता येत नाही. लघवी अडली त्याच दिवशी आणायला हवं होतं."

"पण मॅडम, माझी गादी तर बाबानंच काढली हो!"

त्यांनी त्याचा नवा एमआरआय काढला आणि जुन्याशेजारी धरला. "बाहेर आलेला भाग आकसलाय खरा. पण तुमच्यासारखे थांबलेले बरेच जण असेच बरे झाले. किनवटचे, हदगावचे लोक ते, बाबाचं नावही त्यांना ठाऊक नाही. सरकलेला तुकडा पुष्कळदा शरीरच हळूहळू जिरवतं. सगळ्यांचं तसं होत नाही. ऑपरेशन कुणाला लागेल, हेच आम्ही शोधतोय."

रामकिशन खाटेपाशी गेला. सरजाबाईनं डोळे उघडले.

"दादा, माझा भाव कच्चा नव्हता रे."

त्यानं तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. बाबानं फसवलं खरं, पण तिला तिथे नेलं रामकिशननंच. वर दोषही तिलाच दिला.

गावी परतताच तो मांडवात जाऊन पालथा पडला. "बाबा, लई दुखून राहिलंय."

मंत्र झाला, तुकडा वर आला. तो धुनीत पडायच्या आत रामकिशननं बाबाचं मनगट धरलं आणि लाल कपडा झटकला. दुमडलेल्या काठातून तसलेच आणखी तुकडे खाली पडले. पुढं बसलेल्या, खाटकाच्या घरातल्या धुरपताबाईनं एक उचलून हुंगला. "आगं बाई, ह्ये तर बोकडाच्या कानातलं मऊ हाड हाय!"

"मला काय बी दुखत न्हाई," रामकिशन ओरडला, "तरी माझी गादी निघाली!"

"नास्तिक हाय ह्यो!" म्हणत बाबा मागच्या कनातीतून सटकला.

"पर तू तर बरा झालास की!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"झालो. अंगानं आपलं आपण बरं केलं, अन् मी नाव बाबाचं घेतलं. माझं ऐकून माझी बहीण इथं आली. आज तिला नळी लागली हाय."

तो बाजेवरच्या रोग्यांकडे वळला. "कोण बरं झालं, येवढंच इचारू नका. कोण न्हाई झालं, तेबी इचारा. बाबाकडं न जाता किती बरे झाले, तेबी इचारा. अन् पाय बधिर पडले, लघवी अडली, तर माझ्यासारखं थांबू नका. त्याच घडीला दवाखाना गाठा."

बाजेवर नवऱ्याला घेऊन आलेली एक बाई उठली. तिनं जीपवाल्याला हाक मारली, "भाऊ, नांदेडला चल."