थांब म्हटलं होतं

वहिनीच्या दंडावर कापूस दाबून धरत परिचारिका म्हणाली, “पंधरा मिनिटं इथंच बसा, वहिनी. चक्कर वाटली तर लगेच सांगा.”

वहिनीनं पदर सावरून घेतला. परिचारिकेच्या दादाला, वहिनीच्या नवऱ्याला, जाऊन दीड महिना झाला होता. तेवढ्यात वहिनी निम्मी झाली होती.

या लसीच्या चाचणीत परिचारिका पहिल्या दिवसापासून होती. स्वयंसेवकांना टोचायचं, मग रोज फोन करून ताप, अंगदुखी लिहून घ्यायची. त्याच दिवसांत दादानं विचारलं होतं, “काय गं, घ्यावी का ही, आली की?” निकाल हाती नव्हते. ती प्रामाणिकपणे म्हणाली, “थोडं थांब.”

निकाल आले, चांगले आले. तिनं आकड्यांचे कागद त्याच्यापुढं पसरले. लस घेतलेले इतके, नुसतं मिठाचं पाणी टोचलेले इतके, त्यांतले आजारी पडले ते किती. दादा हसला.

“आधी थांब म्हणालीस, आता घे म्हणतेस. उद्या काय म्हणशील?”

तो बस चालवायचा, त्या डेपोतही त्यानं तेच लावलं. “आमची नर्सबाईच म्हणाली, थांबा!” त्याच्या नादानं आणखी दोन चालक लस न घेता राहिले. ती आणखी दोनदा गेली, भांडली, शेवटी बोलणं टाकलं. आणि मग दादाला ताप आला.

“वहिनी,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “मीच त्याला थांब म्हटलं होतं.”

“ते मनाला लावून घेतलंस होय?” वहिनीनं तिचा हात ओढून जवळ घेतला. “अगं, सुईला घाबरायचे ते. नुसत्या नावानं घाम फुटायचा. एवढा मोठा माणूस, सांगणार कुणाला? तुझं नाव आयतंच मिळालं. मी हात धरून आणणार होते, तर...”

लहानपणी परिचारिकेला सुई टोचून आणायला दादाच न्यायचा. तिला आत ढकलायचा आणि स्वतः दाराबाहेर उभा राहायचा. त्याला खेळायला जायची घाई असते, असं ती आजवर समजत आली होती.

तीनदा गेली होती ती त्याच्याकडे. तिन्ही वेळा कागद घेऊन.

पुढच्या गृहस्थांनी बाही वर सारली. तिनं सुई उचलली नाही.

“भीती वाटतेय का?”

“छे हो,” ते म्हणाले, आणि दाराकडे बघत राहिले.