पडलेलं तिकीट ज्याचं त्याला

वेन्डेल ट्रास्कने बुटाच्या टोकाने जमिनीवरचं तिकीट उलटं केलं, उभ्याउभ्याच वाचलं आणि पुढे सरकला. दुसरं उलटं केलं, तेही सोडलं. तिसर्‍यापाशी मात्र त्याला बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. तो सावकाश एका गुडघ्यावर टेकला, पायाशी काहीतरी ओढाओढ केली, आणि उठला तेव्हा तिकीट जमिनीवर नव्हतं.

काउंटरमागून डेल्फिना माशाडो हे बघत होती. वेन्डेलच्या बुटांना नाडी नाहीच, चिकटपट्टी आहे, हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि वेन्डेल खाली वाकला की प्रत्येकाला नेमकं त्याच वेळी भिंतीवरच्या पडद्यावर काहीतरी महत्त्वाचं दिसायचं.

काउंटीच्या जत्रेच्या मैदानातला हा लांबट, थंडगार हॉल. बाहेर जत्रा ऐन भरात होती. डुकरांचे लिलाव, पाळणे, तळणीचा वास. आत शर्यतीच्या पैजा. घोडे धावायचे ते दूर, समुद्राकडच्या मोठ्या ट्रॅकवर. इथे ते फक्त पडद्यावर दिसायचे आणि त्यांच्यावर खिडकीतून पैसे लावता यायचे. जत्रेचा स्वतःचा ट्रॅक होता तेव्हा वेन्डेल तिथे डेल्फिनाच्या बापाच्या घोड्यांचा मोतद्दार होता. आता त्या ट्रॅकवर जत्रेला येणार्‍यांच्या मोटारी उभ्या राहतात. घोडे गेले, मालक गेले, वेन्डेल मात्र मैदानामागच्या ट्रेलरमध्ये राहिला आणि रोज दारं उघडायच्या आधी येऊन हॉलच्या पायरीवर बसायला लागला.

लोक तिकिटं हरली म्हणून फेकतात, त्यात घाईत एखादं जिंकलेलंही फेकलं जातं. ते वेचून खिडकीवर वटवायचं, हा वेन्डेलचा उद्योग. उद्योग जुना होता, पण राज्याच्या नियमात बसणारा नव्हता. जमिनीवरची तिकिटं गिर्‍हाइकाने वेचायची नाहीत. वेचताना दिसला तर हंगामभर बाहेर. वसंतात राज्याचा निरीक्षक येऊन गेला, त्याने वेन्डेलला पाहिलं आणि डेल्फिनाला बजावलं, की हा माणूस पुन्हा असा वाकलेला दिसला तर हॉलच्या परवान्याचाच विचार करावा लागेल. हॉलची व्यवस्थापक ती. नियम राबवायचा तिने. ती उद्या सांगते, परवा सांगते करत राहिली आणि जत्रा येऊन ठेपली.

सांगायचं तरी कसं? हॉल बंद झाला तर वेन्डेल जाणार कुठे? आणि एकट्या वेन्डेलला बाहेर काढलं, तर बाकीचे तिथे बसून काय करणार?

कारण खरी गोष्ट निराळी होती. घाईत जिंकलेलं तिकीट फेकणारी माणसं या हॉलमध्ये फार नव्हती. मॅनी बोर्बाने सगळं आयुष्य गाई सांभाळण्यात घालवलं होतं. सांडलेल्या दुधाच्या थेंबाचा हिशेब ठेवणारा माणूस तो. पण गेली काही वर्षं मॅनी आपलं तिकीट पडद्याशी ताडून बघायचा, जिंकलंय याची खात्री करायचा आणि मग मोठ्याने म्हणायचा, ‘‘फुटकं नशीब माझं!’’ तिकीट खाली. रोझाली अविलाचं केसांचं दुकान होतं. ती नुसता सुस्कारा टाकायची आणि पर्समधून रुमाल काढताना तिकीट पडू द्यायची. हे कुणी ठरवलं नव्हतं. मॅनीने एकदा वेन्डेलला सँडविच आणून दिलं होतं, ते वेन्डेलने दारातल्या कुत्र्याला घातलं आणि पुढे महिनाभर मॅनीशी शब्द बोलला नाही. त्यानंतर ही तिकिटं पडायला लागली.

आणि डेल्फिना? हॉलच्या व्यवस्थापकाने स्वतःच्या हॉलमध्ये पैज लावायची नाही, हा तर पहिल्या पानावरचा नियम. ती दर शनिवारी मॅनीच्या हातून एक तिकीट घ्यायची, भरवशाच्या घोड्यावर, पहिल्या तिनात आला तरी चालेल असं. जिंकलं की फेरी मारताना खांबाजवळ सोडून द्यायची. वेन्डेल वेचायचा त्याहून हा गुन्हा मोठा. तिला ते माहीत होतं आणि शनिवारी रात्री तिला झोप छान लागायची.

आजही शनिवारच होता. दुसरी शर्यत संपली होती, तिचं जिंकलेलं तिकीट खांबाजवळ पडलं होतं, आणि तेवढ्यात फाटकावरून फोन आला.

‘‘डेल्फी, तुझा तो राज्याचा माणूस आलाय.’’

‘‘आज? सोमवारी येणार होता ना तो.’’

‘‘ते त्याला विचार. आत्ता कॉर्न डॉग खायला त्या गाड्यापुढच्या रांगेत उभा आहे. रांग मोठी आहे म्हणून फोन केला.’’

डेल्फिनाने फोन ठेवला आणि ती थेट कॉफीच्या टेबलाकडे गेली. वेन्डेल कपात साखर घालत होता.

‘‘काय गं पोरी, चेहरा का असा? तुझा बाप घोडा हरल्यावर असाच दिसायचा.’’

‘‘वेन्डेल, मला तुमच्याशी बोलायचंय. आधीच बोलायला हवं होतं.’’ तिने एका दमात सगळं सांगितलं. वसंतातली ताकीद, परवाना, रांगेत उभा असलेला निरीक्षक. बोलताना ती त्याच्या कपाकडे बघत होती.

वेन्डेलने साखर ढवळली. ‘‘म्हणजे मी बाहेर.’’

‘‘नाही. ऐका तरी. जत्रेसाठी हॉलला झाडायला माणूस द्यायचं ठरलंय, ती जागा अजून रिकामी आहे. आत्ता सही केलीत तर आत्तापासून. जत्रा संपली तरी हॉल झाडायला कुणीतरी लागतंच.’’

‘‘दया करतेस?’’

‘‘दया तुम्ही करा. बघा, खाली काय उकिरडा झालाय.’’

त्याने जमिनीकडे पाहिलं. उकिरडा खराच होता आणि त्यातलं निम्मं कसलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

‘‘काम करणार्‍याला तिकिटं वटवता येत नसतील,’’ तो म्हणाला.

‘‘नाही. पैज लावता येत नाही, वटवता येत नाही. सापडलेलं जिंकतं तिकीट ज्याचं असेल त्याला परत द्यायचं. कुणाचं ते कळलं नाही तर खिडकीवर जमा.’’

‘‘ज्याचं असेल त्याला.’’

‘‘कळलं तर हो. नियम आहे तसा. ते कुठे कुणाला कळतंय?’’

वेन्डेलने कॉफी एका घोटात संपवली. ‘‘पगार रोख की चेक?’’

‘‘चेक.’’

‘‘तुझा बाप रोख द्यायचा,’’ तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. तिने पेन दिलं.

निरीक्षक कर्टिस लिंडक्विस्ट आत आला तेव्हा वेन्डेलच्या अंगावर जत्रेचा हिरवा एप्रन होता आणि हातात लांब दांड्याचा झाडू. कर्टिसच्या टायवर मोहरीचा डाग होता. माणूस वाईट नव्हता. उन्हाने लाल झाला होता आणि शनिवारी काम करावं लागतंय म्हणून जरा वैतागला होता.

‘‘तोच ना हा?’’ त्याने विचारलं.

‘‘तोच. आता आमचा माणूस आहे,’’ डेल्फिना म्हणाली. ‘‘कागद दाखवू?’’

त्याने कागद पाहिला, मान हलवली. ‘‘चांगलं केलंत. मी बसतो जरा, एखादी शर्यत बघतो.’’ आणि तो तिच्या शेजारच्याच स्टुलावर बसला.

एक चूक झाली होती ती डेल्फिनाच्या आता ध्यानात आली. वेन्डेलला सांगितलं, निरीक्षकाला सांगितलं. हॉलला सांगायचं राहिलं होतं. तिसरी शर्यत संपली आणि मॅनीने आपलं तिकीट पडद्याशी ताडून पाहिलं.

‘‘फुटकं नशीब माझं!’’

रोझालीने सुस्कारा टाकला आणि पर्स उघडली. पलीकडच्या टेबलांवरही दोघातिघांना एकदम आपल्या नशिबाची कीव आली. एप्रन घातलेल्या वेन्डेलकडे बघून त्यांना वाटलं असणार, म्हातार्‍याने वाकायची सोय बरी शोधून काढली.

वेन्डेल झाडत झाडत मॅनीच्या खुर्चीपाशी आला. या खेपेला तो नाडी बांधायला बसला नाही. कमरेवर हात ठेवून सरळ वाकला, तिकीट उचललं आणि मॅनीपुढे धरलं.

‘‘तुझं पडलं.’’

मॅनी तिकिटाकडे बघत राहिला. ‘‘माझं नाही ते.’’

‘‘मॅनी, मी राज्याचा नोकर आहे. खोटं बोलू नकोस.’’

‘‘काउंटीचा,’’ स्टुलावरून कर्टिसने सुधारलं.

‘‘काउंटीचा. घे. आणि नशिबाला शिवी देताना जरा मनापासून देत जा. इतक्या वर्षांत एकदाही जमली नाही तुला.’’

मॅनीने तिकीट घेतलं. त्याचे कान लाल झाले. हॉलमध्ये कुणी हसलं नाही, कुणी पडद्याकडेही बघेना.

वेन्डेल पुढे गेला. रोझालीच्या पायाशी दोन होती. त्याने एक तिला दिलं आणि दुसरं तिच्या मागच्या टेबलावरच्या माणसाच्या कपाखाली नेऊन ठेवलं. दाराजवळचं उचलून तो हॉल ओलांडून पार दुसर्‍या टोकाला गेला, एका म्हातारीच्या हातात ते दिलं, आणि तिनेही ते मुकाट्याने घेतलं. एकदाही तो थबकला नाही, एकदाही त्याने कुणाला विचारलं नाही.

डेल्फिना बघत होती. म्हणजे याला माहीत होतं. आज नव्हे, पहिल्या दिवसापासून. कुणाचं तिकीट कुठे पडतं, कोण सुस्कारा टाकतं, कोण शिवी देतं, हे सगळं. ते सगळे आपलं गुपित सांभाळत राहिले आणि हा त्यांचं गुपित सांभाळत राहिला. तिला त्याचा राग आला आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

‘‘वेन्डेल,’’ रोझालीने शेवटी विचारलंच, ‘‘माहीत होतं तर घेत का होतास?’’

‘‘पैसे लागत होते म्हणून,’’ तो झाडू थांबवून म्हणाला. ‘‘आणि तुम्ही सगळे इतकी मेहनत घेत होतात. मन मोडवेना.’’

रोझालीने या खेपेला खरोखरच रुमाल काढला.

‘‘या माणसाची नजर जबरदस्त आहे,’’ कर्टिस डेल्फिनाला म्हणाला. ‘‘प्रत्येक तिकीट कुणाचं ते ओळखतो. असा माणूस मी कुठल्याच हॉलमध्ये पाहिला नाही.’’

‘‘हो,’’ डेल्फिना म्हणाली. आणि मग तिला खांब आठवला.

वेन्डेल तिथेच पोचला होता. खांबाजवळ एकच तिकीट होतं, नेहमीच्या जागी. तो वाकला, उठला, तिकीट डोळ्यांपासून लांब धरून वाचलं आणि सरळ काउंटरच्या दिशेने चालायला लागला. कर्टिस कौतुकाने त्याच्याकडे बघत होता. नोकरी जाईल, परवाना जाईल. आणि त्याहून वाईट म्हणजे हे सगळं नियमाप्रमाणे होईल, आणि तो नियम तिने स्वतःच त्याला अर्ध्या तासापूर्वी शिकवला होता.

वेन्डेल समोर येऊन उभा राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग मान वर करून पडद्याच्या कोपर्‍याकडे पाहिलं, तिथे दुसर्‍या शर्यतीचा निकाल अजून झळकत होता. मग तिकीट मधोमध फाडलं, पुन्हा फाडलं आणि तुकडे काउंटरखालच्या डब्यात टाकले.

‘‘ते कुणाचं होतं?’’ कर्टिसने विचारलं.

‘‘हरलेलं होतं,’’ वेन्डेल म्हणाला.

कर्टिसने मान हलवली. थोड्या वेळाने तो उठला, कागदावर आपली सही केली, टायवरचा डाग नखाने खरवडला आणि कॉफी घ्यायला गेला. पडद्यावर पुढचे घोडे फाटकात शिरत होते. मॅनी खिडकीच्या रांगेत उभा होता, हातात परत मिळालेलं तिकीट. ते वटवावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

डेल्फिनाने बोलायला तोंड उघडलं.

‘‘शनिवारी शनिवारी कोणीतरी येतं,’’ वेन्डेल झाडू आपटून त्यातली धूळ काढत म्हणाला, ‘‘आणि नेहमी पहिल्या तिनात आला तरी चालेल असं लावतं. फार भित्रं माणूस आहे. भेटलं तर सांग, एकदा तरी पहिल्या नंबरावर लाव म्हणावं.’’

‘‘वेन्डेल...’’

‘‘पाय उचल पोरी,’’ तो म्हणाला. ‘‘केर काढायचाय.’’

तिने पाय उचलले.