गुडघ्याखालची उशी

मी एक जुनी उशी आहे. डोक्याखालची नव्हे, गुडघ्याखालची. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर पायपुसणेच समजाल, आणि त्यात तुमची काही चूक नाही.

माझा मालक फरशी बसवणारा मिस्त्री. कामावरून परतला की त्याचे गुडघे सोललेले असत. ते बघवेना, म्हणून त्याच्या बायकोने जुन्या पँटचे जाड कापड घेतले, आत चिंध्या ठासून भरल्या, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा शिवला आणि मला जन्म दिला.

मिस्त्री माझ्यावर टेकायचा, फरशी ठोकून बसवायचा, उठायचा, मला मागे ओढायचा, पुन्हा टेकायचा. दिवसभर हेच. उठताना हाताचा आधार घेणार कसा? दोन्ही हात सिमेंटने भरलेले. लोक फरशीची चकाकी वाखाणायचे, तो मात्र मला झटकताना म्हणायचा, "ही आहे म्हणून मी आहे." मी आतल्या आत फुगून जायची.

मग त्याने काम सोडले. घरात गुबगुबीत खुर्ची आली. जन्म सगळा जमिनीवर काढला, आता मला खाली बसायला सांगू नका, असे त्याने जाहीर करून टाकले. बायको म्हणे, निदान चार पावले चालून या. तो हसून म्हणे, "माझा आयुष्याचा व्यायाम करून झालाय." जणू पायांतले बळ म्हणजे डब्यात भरून ठेवलेले धान्यच! मी मोरीजवळच्या कपाटात फडक्यांत पडून राहिले. दाराच्या फटीतून मला दिसायचे, खुर्चीतून उठताना तो आधी एक हात टेकायचा. पुढे दोन्ही टेकू लागला. ते पाहून माझ्या जिवाला घोर लागायचा.

मला बाहेर काढले ते मुंगीने. मुंगी म्हणजे त्याची नात. रांगायला लागल्यापासून घरभर सुसाट पळते, म्हणून हे नाव. तिची आई नोकरीवर जाताना तिला इथे सोडायची. कपाटातून मला ओढून चघळत बसणे हा त्या लेकराचा आवडता उद्योग.

एके सकाळी आजी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. जाताना दार ओढून घेतले, पण कडी नीट लागली नाही. मुंगीचा चेंडू पलंगाखाली गेला, म्हणून आजोबा कित्येक दिवसांनी, तिने तिथेच टाकलेल्या माझ्यावर गुडघे टेकून वाकला. चेंडू मिळाला. उठायला गेला, तर पाय उठेनात. पलंगाला धरले, पुन्हा खाली बसला. तेवढ्यात वाऱ्याने दार उघडले.

बाहेर लगेच जिना. मुंगीने उजेड पाहिला आणि निघाली.

"मुंगे, थांब," तो म्हणाला. तिला वाटले, आजोबा पकडापकडी खेळतो आहे. ती खिदळत दुप्पट वेगाने सुटली. त्याच्या ते ध्यानात आले. त्याने हाक गिळली आणि मुकाट्याने तिच्यामागे रांगू लागला. मी पलंगापाशीच राहिले. उघड्या फरशीवर त्याची हाडे आपटत होती, तो आवाज मला ऐकवत नव्हता. मी उशी. करणार काय? देवाचे नाव घेत पडून राहिले. मुंगी उंबऱ्यापलीकडे गेली. तिचा एक हात पहिल्या पायरीवरून खाली झुकला, आणि त्याच क्षणी आजोबाने पालथे पडून तिचा घोटा पकडला.

आजी वरून आली तेव्हा दोघे उंबऱ्यात होते. मुंगी रडत होती आणि तो उठू शकत नव्हता.

संध्याकाळी मुंगीला न्यायला आलेल्या लेकीला आजीने सगळे सांगितले, कडीसकट. लेकीने मुंगीला पोटाशी धरले. मग हळूच म्हणाली, "बाबा, राग मानू नका. जमिनीवरून आधाराशिवाय उठून दाखवा. तोवर मुंगी पाळणाघरात."

घर सुने झाले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मला खोलीच्या मधोमध ठेवले. आधी खुर्ची धरून उठायचा, नंतर नुसते एक बोट टेकवून. एकदा तोल जाऊन पडला आणि चिडून त्याने मला कोपऱ्यात भिरकावले. आजीने उचलून आणले, धूळ झटकली, पुन्हा तिथेच ठेवले. रोजचा नेम आहे, म्हणाली, नेमाला रुसवा चालत नाही. तोही मग बायकोबरोबर जिना चढू-उतरू लागला.

एका सुट्टीच्या दिवशी लेक मुंगीला कडेवर घेऊन समोर उभी राहिली. मिस्त्री माझ्यावर टेकला. एक पाय पुढे घेतला. त्याची मांडी थरथरत होती, ती थरथर माझ्या टाक्याटाक्यांत उतरत होती. अर्ध्यावर आला आणि त्याचा तळहात गुडघ्यावर पडला.

"हात लावलात, बाबा."

"दिसलं मला," तो म्हणाला आणि पुन्हा टेकला. श्वास घेतला. या वेळी दोन्ही हात त्याने पुढे धरले, सिमेंटने भरल्यासारखे. माझ्यावरचे ओझे हळूहळू हलके होत गेले. मग उरलेच नाही.

लेकीने मुंगीला त्या पसरलेल्या हातांत दिले. आजीने पदर खोचला आणि माझ्यावर गुडघे टेकले. "आता मी," ती म्हणाली, "आणि मग तू. तुझ्या कमरेची कुरकुर रोज ऐकतेय मी." लेक हसली, पण चपला काढून ठेवल्या तिने.

मित्रांनो, माझी शिवण आता उसवत चालली आहे. पण उसवलेली उशी कुणीही दोरा घेऊन शिवू शकते, पायांचे तसे नाही. त्यांना रोज थोडे कामाला लावा. लहान आहात तोवर लावा, मोठे झालात तरी लावा, आणि म्हातारपणी तर मुळीच सोडू नका. आज जरा जमिनीवर बसा आणि हात न टेकता उठून पाहा. उठता आले, तर उद्याही उठा. नाही आले, तर घरात एखादी जुनी उशी नक्की असेल. तिला बोलवा, ती येईल.