तिसरा जबडा

आमची ठकी स्वतःचे केस उपटायला लागली तेव्हा आम्ही नवराबायकोनं एकच गोष्ट एकमतानं केली, दोष एकमेकांवर ढकलला. मी तिला लाडावून ठेवलंय, असं नवऱ्याचं म्हणणं. तो येता-जाता तिच्यावर खेकसतो, असं माझं. बारा वर्षांची पोर, कानामागे तळहाताएवढं टक्कल, आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर हमरीतुमरीवर. शेवटी त्यानं निवासी शाळेचं काढलं. महिनाअखेर तिला तिथे सोडायचं, हे त्यानं ठरवूनच टाकलं. ती गेली असती तर मीही त्या घरात राहिले नसते.

समुपदेशक बाईंकडे गेलो ते त्याआधीचा शेवटचा उपाय म्हणून. ठकी टोपी घालून खिडकीपाशी बसली, एक शब्द बोलली नाही. बाईंनी माझं काम विचारलं. मी कवळ्या बनवते. दवाखान्यातून आलेल्या ठशांत प्लास्टर ओतून जबडे करते, ते बिजागरीवर बसवून चावा जुळतो का बघते. बाई म्हणाल्या, "मग घरच्यांचे जबडे करा. यापुढे भांडायचं ते जबडा हातात धरून. प्रत्येक शब्दाला तो उघडायचा, मिटायचा." थट्टाच होती, पण बाई हसल्या नाहीत.

मी केले. त्याच आठवड्यात नवरा स्वतःचा जबडा खडखडवत शिस्तीवर बोलायला लागला, आणि त्याच्या पडलेल्या दाढेची फट बघून माझ्या तोंडची शिवी तोंडातच राहिली. मला हसू फुटलं. दाराआडून ठकीही हसली, कित्येक महिन्यांनी. मी हुरळून गेले.

पुढच्या भेटीत ठकीनं दोन्ही जबडे मागून घेतले, मांडीवर ठेवले आणि एकेका हातानं हलवायला लागली. "तुझ्यामुळे." "नाही, तुझ्यामुळे." आवाज हुबेहूब आमचे. नवरा हसायला लागला, मीही. मग दोन्ही जबडे एकदम बोलले, "ही नसती तर आपलं बरं चाललं असतं."

हे आम्ही कधीच म्हटलं नव्हतं. सवयीनं मी नवऱ्याकडे रागानं पाहिलं, त्यानं माझ्याकडे. दोघांनाही कळलं की समोरच्यानंही म्हटलेलं नाही. म्हणायची गरजच पडली नव्हती.

बाईंनी विचारलं, "हिचा जबडा कुठाय?"

घरच्यांचे करा, असं त्या म्हणाल्या होत्या. मी दोनच केले होते. भांडतो ते आम्ही, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

त्या संध्याकाळी तिला माझ्या कामाच्या जागी नेलं. नवराही आला, शाळेचा विषय न काढता. टोपी काढून तिनं ठशाच्या मऊ लगद्यात दात रुतवले. तो घट्ट होईपर्यंत आम्ही तिच्यासमोर मुकाट उभे राहिलो. दिव्याखाली टक्कल स्पष्ट दिसत होतं. त्यावर ताजे ओरखडे होते.

दुसऱ्या दिवशी जबडा तयार झाला. तिनं तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसता उघडला, मिटला. मग जबडा म्हणाला, "मला त्या शाळेत जायचं नाही. आणि तुम्ही दोघं जरा गप्प बसा."

नवऱ्यानं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. ठकी बोलत राहिली. तिचे दोन्ही हात जबड्यात गुंतले होते, आणि ती बोलत होती तोवर त्यातला एकही केसांकडे गेला नाही.