करणाऱ्याचं नाव

थंडी सुरू झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात जिन्याच्या ओल्या पायरीवरून त्याचा पाय सटकला आणि घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे घरी बसायला सांगितलं. तो दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचा. सव्वीस वर्षं मेणाचे दात कोरण्यात आणि घासण्यात गेलेल्या त्या हातांना रिकामं बसणं माहीतच नव्हतं. कामावर त्याला सगळे दातवाले म्हणत, आणि ते नाव कधीच घरापर्यंत येऊन पोचलं होतं.

बायको सकाळी नऊला औषधांच्या दुकानात कामाला जायची. मग घरात उरायचे ते दोघं, दातवाले आणि ताई. ताई म्हणजे बायकोची सख्खी मोठी बहीण, चौदा वर्षांनी मोठी, नात्याने त्याची आकडसासू. एका इस्पितळाच्या धुलाईघरात फाटक्या चादरी आणि डॉक्टरांचे अंगरखे शिवण्यात तिची तीस वर्षं गेली होती. लग्न केलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एकटीने राहणं जड जायला लागलं, तेव्हा ती धाकट्या बहिणीकडे, मागच्या लहान खोलीत राहायला आली. या दोन वर्षांत तिचं आणि दातवाल्यांचं बोलणं 'गरम पाणी आलंय का' आणि 'पेपर वाचून झाला का' याच्या पलीकडे फारसं गेलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिची त्याला थोडी अडचणच वाटायची. सकाळचा खोकला, दिवसभर हळू आवाजात चालू असलेला रेडिओ, आणि नेमक्या त्याच्याच खुर्चीवर ठेवलेली लोकरीची पिशवी.

पहिल्या चार दिवसांत त्याने बसल्या बसल्या हाताला लागतील तेवढे सगळे स्क्रू पिळून घट्ट केले. औषधांचा डबा दोनदा लावला. ताई भाजी चिरताना तुकडे एकसारखे होत नाहीत, हेही सांगून झालं. पाचव्या दिवशी तिने सुरी खाली ठेवली, आत गेली आणि क्रोशाची, टोकाला आकडा असलेली सुई व करड्या लोकरीचा गुंडा आणून त्याच्या मांडीवर टाकला.

"दातवाले, हे धरा. नाहीतर या घरातून मी तरी जाईन किंवा तुम्ही तरी."

"आकडा आकडसासूच्याच हातात शोभतो," तो म्हणाला.

ती हसली नाही. "आधी साखळी. मग बोला."

साखळी म्हणजे एका फासातून दुसरा फास ओढत जायचं. त्याची पहिली साखळी इतकी आवळलेली निघाली की तिच्यात सुई शिरेना. ताईने ती उचलून प्रकाशाकडे धरली. "कवळी बसवताय का? लोकरीला श्वास घेऊ द्या." तिने ती सर्रकन उसवली आणि धागा परत त्याच्या हातात दिला. दुपारपर्यंत असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी ती काहीच न उसवता चहा करायला उठली, तेव्हा त्याला कळलं की जमलं.

त्यानंतर त्या घरातल्या दुपारी बदलल्या. जेवण झालं की दोघं खिडकीपाशी बसायचे. मध्ये हीटर, त्याचा प्लास्टरमधला पाय स्टुलावर, ताईचा रेडिओ आता बाहेरच्या खोलीत. ती त्याला एकेक टाका शिकवायची, मुका खांब, अर्धा खांब, पूर्ण खांब. 'मुका' कशाला म्हणतात असं त्याने विचारलं, तर म्हणाली, "बुटका असतो, कुणाच्या नजरेत भरत नाही. पण वीण धरून ठेवतो तोच." बाहेर लवकरच अंधारून यायचं आणि काचेवर वाफ धरायची. बोटांना कामाची लय सापडली की तोंडही आपोआप सुटायचं. धुलाईघरातल्या गमती ती सांगायची, तो कवळी हरवलेल्या गिऱ्हाइकांच्या. एकाची कवळी म्हणे त्याच्याच कुत्र्याच्या अंथरुणात सापडली होती. त्यावर ताई इतकी हसली की तिचे टाके सुटले. दोन वर्षं एका छपराखाली राहून आपण या बाईला ओळखतच नव्हतो, असं त्याच्या मनात आलं आणि जरा ओशाळल्यासारखं झालं.

तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजलेला असायचा. तासभर विणलं की ती हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवायची आणि मग पुन्हा सुई उचलायची.

तिसऱ्या आठवड्यात तिने पांघरूण विणायला काढलं. अठ्ठेचाळीस चौकोन, सहाच्या आठ ओळी. रंग तिने ठरवले. राखाडी, गडद निळा, आणि मधूनच एखादा हळदीसारखा पिवळा. चौकोन दोघांनी विणले. त्याचे सतरा झाले, तिचे एकतीस. जोडले सगळे तिनेच, आणि कडेची पंख्यांची किनारही तिचीच. त्याचे चौकोन ओळखू यायचे, ते थोडे आखडलेले असत. तिने ते मधल्या भागात असे लावले की चारी बाजूंनी तिचे सैल चौकोन त्यांना ओढून सरळ ठेवतील.

पांघरूण पुरं झालं त्या संध्याकाळी बायको कामावरून आली आणि दारातच थबकली. तिने फोन काढला. प्लास्टरचा पाय, मांडीवर पांघरूण, हातात सुई आणि चेहऱ्यावर शाळकरी पोराचं समाधान, असा नवऱ्याचा फोटो तिने सगळ्या नातेवाइकांना पाठवला. तासाभरात फोन वाजून वाजून गरम झाला. पुरुष असून किती सुबक. आमच्या ह्यांना साधं बटण लावता येत नाही. त्याने सगळे निरोप वाचले. काही दोनदा वाचले.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेचे मालक आणि त्यांची बायको भेटायला आले. मालकीणबाईंनी पांघरूण उलगडून पाहिलं, किनारीवरून बोट फिरवलं.

"हे सगळं तुम्ही केलंत?"

नेमकी तेव्हाच ताई चहाचा ट्रे घेऊन आत आली. दातवाल्यांनी कपाकडे पाहिलं.

"वेळ जात नव्हता हो," तो म्हणाला. "केलं आपलं."

ताईने कप ठेवले, साखर किती ते विचारलं आणि ती परत आत गेली. पाहुणे गेल्यावरही ती काही बोलली नाही. काही घडलंच नाही, असं म्हणायला त्याला तेवढं पुरेसं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून दुपारी तिच्या सुजलेल्या अंगठ्याकडे नजर गेली की तो टाके मोजायला लागायचा.

खरा घोळ वाचनालयामुळे झाला. दोन गल्ल्या पलीकडच्या वाचनालयात दर हिवाळ्यात हस्तकलेचं छोटं प्रदर्शन भरायचं. फोटो फिरत फिरत तिथल्या ग्रंथपाल बाईंपर्यंत पोचला आणि त्या फॉर्म घेऊन घरीच आल्या. ताई तेव्हा डोळे तपासायला गेली होती. फॉर्मवर 'करणाऱ्याचे नाव' अशी एक ओळ होती. एकच ओळ, तीही आखूड. दोन नावं मावणार नाहीत, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि आपलं नाव लिहिलं. ताईचं नाव त्याच्या नावापेक्षा लहान होतं, हे त्याला सही करताना ठाऊक होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी बायकोने आणि शेजाऱ्याने धरून त्याला जिना उतरवला. ताई मागून शाल पांघरून आली. वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर पांघरूण टांगलं होतं आणि खाली त्याच्या नावाची छापील पाटी होती. लोक येत होते, कौतुक करत होते, कुबड्यांकडे बघून आणखी कौतुक करत होते. मग एक म्हातारीशी बाई आली. तिने चष्मा बदलला, नाक लोकरीला लागेल इतकं जवळ नेलं आणि विचारलं, "हा किनारीचा कोपरा कसा वळवलात? माझा नेहमी गोळा होतो."

त्याला माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलंही नव्हतं.

"अंदाजाने," तो म्हणाला.

"अंदाजाने कसा वळेल?" म्हातारी खरोखरच गोंधळली होती.

"कोपऱ्यातल्या एकाच घरात जास्तीचे खांब घ्यायचे," मागून ताईचा आवाज आला. "मध्ये एक साखळी सोडायची. मग ओढ बसत नाही."

"अगबाई, तुम्हीपण करता का?"

"थोडंफार," ताई म्हणाली.

घरी येताना तो खाली बघत कुबड्या टेकत राहिला. कान तापले होते आणि ते काही थंडीने नव्हे. बायकोने विचारलं, पाय दुखतोय का. तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको गेल्यावर त्याने कोट चढवला, कुबड्या घेतल्या आणि कठड्याला धरून, एकेक पायरी बसून, दोन मजले उतरला. वाचनालयात पोचेपर्यंत घामाघूम झाला होता. त्याने ग्रंथपाल बाईंना सगळं सांगितलं. किती चौकोन कुणाचे, रंग कुणाचे, किनार कुणाची. बाईंनी ऐकून घेतलं, नवी पाटी लिहिली. वर ताईचं नाव, खाली त्याचं.

परत येताना त्याला कितीतरी हलकं वाटत होतं. स्वयंपाकघरात ताई वाटाणे सोलत होती. त्याने दारातूनच सांगितलं, "ताई, पाटी बदलून आलो. तुमचं नाव वर आहे."

तिचे हात थांबले नाहीत. "अशा पायाने गेलात?"

"हो."

"मग आता लोक म्हणतील, काय मोठ्या मनाचा माणूस आहे."

तो दारातच उभा राहिला. कुबडी काखेत रुतत होती.

"मला पाटी नको होती, दातवाले," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "इस्पितळात तीस वर्षं शिवलं, एका चादरीवर माझं नाव नाही. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी मी चहा घेऊन आले, तेव्हा तुम्ही एकदा माझ्याकडे बघाल असं वाटलं होतं. नुसतं बघाल. बोलला नसतात तरी चाललं असतं."

"चुकलं माझं," तो म्हणाला. पुढे आणखी काहीतरी सांगावंसं वाटत होतं, ओळ आखूड होती वगैरे, पण ते त्याने गिळलं.

"हं," ती म्हणाली आणि साली गोळा करून उठली.

त्या दुपारी रेडिओ मागच्या खोलीत गेला. ताई जेवायला यायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची, त्याचं पाणी भरून ठेवायची. खिडकीपाशी मात्र आली नाही. तो एकटाच हीटरसमोर बसायचा. एक टोपी सुरू केली आणि तीनदा उसवली.

रविवारी बायकोने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग फोन काढून त्याच्यापुढे धरला. मूळ फोटोत डाव्या कडेला ताई होती. वाकून पांघरुणाचं टोक धरलेले दोन हात आणि अर्धा चेहरा.

"पाठवताना मी कापली तिला," बायको म्हणाली. "डोळे मिटलेले आले होते म्हणून. दुसरा काढू शकले असते. मला तेही सुचलं नाही."

ती उठून मागच्या खोलीत गेली. बहिणी काय बोलल्या ते त्याला कळलं नाही, त्याने विचारलंही नाही.

प्लास्टर निघालं. तो लंगडत कामावर जायला लागला. मालकांना त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं की पांघरूण मुख्यतः बायकोच्या मोठ्या बहिणीचं होतं. ते म्हणाले, "असू द्या हो, तुम्ही काय कमी केलं का," आणि एका कवळीच्या तक्रारीकडे वळले. ज्याला त्याला सांगत सुटावंसं वाटलं, पण कुणालाच त्यात रस नव्हता. ज्या एका माणसासाठी ती गोष्ट महत्त्वाची होती, तिला ती सांगून झाली होती, आणि सांगितल्याने फारसं काही पुसलं गेलं नव्हतं.

थंडी ओसरायच्या आधीच्या एका रविवारी तो मागच्या खोलीवरून जात असताना ताईने आतून हाक मारली. पलंगावर हिरव्या लोकरीची नवी लडी पडली होती.

"अंगठा चालत नाही आज. लडीचा गुंडा करायचाय. बसा इथे."

तो समोरच्या मोडक्या खुर्चीवर बसला. तिने त्याचे दोन्ही हात पुढे करायला लावले, लडी मनगटांवर चढवली आणि टोक शोधून डाव्या हाताने सावकाश गुंडाळायला लागली. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. थोड्या वेळाने त्याचे खांदे भरून आले, हात जड होऊन खाली यायला लागले.

"वर धरा," ती म्हणाली.

त्याने हात वर धरले. अजून किती उरलंय, ते विचारलं नाही.