वीज परत आल्यावर

कलकत्त्यात मुंबईचा माणूस ओळखायची एक सोपी खूण होती. वीज गेली की तो जागच्या जागी थांबायचा, कुणीतरी आत्ता माफी मागून दिवा लावून जाईल अशा भरवशाने. कलकत्तेकर उठायचा, घरभर फिरून सगळी बटणं बंद करायचा, हातपंखा घ्यायचा आणि खाली पायरीवर जाऊन बसायचा. चौऱ्याहत्तर सालात लोडशेडिंग हा त्या शहराचा जावई होता. कधी येईल आणि किती वेळ बसेल, विचारायची सोय नव्हती.

गुरुदत्त भागवत हा असाच मुंबईचा माणूस. रेल्वेत सिग्नल इंजिनियर, बदलीवर कलकत्त्याला आलेला. येऊन दोन वर्षं झाली तरी त्याच्या मनातली वीज मुंबईचीच होती. बायको सुचित्रा पुण्याची. भवानीपुरातल्या एका गल्लीत कालिंदीमावशींच्या घराचा वरचा मजला त्यांनी भाड्याने घेतला होता. मावशींचा जन्म कलकत्त्यातलाच, सारी नोकरी इथल्या शाळेत गेलेली. मराठी अगदी स्वच्छ बोलायच्या, फक्त भांडायचं असलं की बंगालीत शिरायच्या. त्यांची मुलगी लीना सियालदहहून लोकल धरून रोज एका लांबच्या गावी शाळेत शिकवायला जाई. तिच्या मराठीत पुरुष, बाई आणि वस्तू गुण्यागोविंदाने नांदत. कोणता शब्द कुठल्या लिंगाचा, याचा ती फारसा विचार करीत नसे.

लीनाच्या वाटेवर शिमुलहाट नावाचं जंक्शन होतं. दोन मार्ग तिथे एकमेकांना छेदून जात. तिथल्या जुन्या केबिनमध्ये माणसं दांडे ओढून रुळांचे सांधे बदलत आणि सिग्नल पाडत. आता त्या जागी नवी केबिन उभी राहत होती. बटण दाबलं की मार्ग तयार, सिग्नल हिरवा. यंत्र जोडणारे वेगळे होते. गुरुदत्तचं काम त्याच्या आधीचं. या यंत्राने काय केलंच पाहिजे आणि काय कधीच करता कामा नये, हे वाक्यावाक्याने लिहून काढायचं आणि मग यंत्र त्या प्रत्येक वाक्याला जागतं की नाही ते तपासायचं. लग्न ठरवताना थोरली माणसं बसतात ना, पुढे काय काय बिनसू शकेल याचा विचार करत? तसलंच काम. कुणी कौतुक करीत नाही, पण बिनसलं की सगळे याच्याकडेच बोट दाखवतात.

त्याचे साहेब श्यामसुंदर चटर्जी बागबाजारचे. पहिल्याच दिवशी त्यांनी गुरुदत्तला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं होतं.

"भागवत, तुम्हा मराठ्यांना अडवायला आमच्या पूर्वजांनी बागबाजारपासून खंदक खणायला घेतला होता," ते म्हणाले होते. "तरी तू आलासच!"

"खंदक अर्धाच राहिला होता ना, साहेब," गुरुदत्त म्हणाला, आणि तेव्हापासून दोघांचं सूत जमलं.

याच साहेबांनी शब्द टाकून गुरुदत्तसाठी पुण्याला बदलीची जागा मिळवली होती. शिमुलहाटचं उद्घाटन झालं की दुसऱ्या दिवशी तो मोकळा. सुचित्राच्या अंगात तेव्हापासून वारं शिरलं होतं. तिची आई पुण्यात एकटी, धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर. लोणच्याच्या बरण्या रिकाम्या झाल्या, भिंतीवरचे फोटो उतरले, आणि ट्रंक पलंगाखालून बाहेर येऊन खोलीच्या मधोमध बसली. येता जाता गुरुदत्तची नडगी तिच्यावर आपटायची, पण त्याची तक्रार नव्हती.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी सुचित्रा समारंभासाठी त्याचा पांढरा सदरा इस्त्री करीत होती. तेवढ्यात वीज गेली. "घ्या!" म्हणून तिने इस्त्री होती तिथेच सोडली आणि दोघं खाली पायरीवर आली. मावशी आणि लीना आधीच येऊन बसल्या होत्या. वाऱ्याची बरी झुळूक होती. पुण्याच्या गोष्टी निघाल्या. कुठे घर घ्यायचं, मंडईपासून किती लांब. मध्येच गल्लीभर एकच आरोळी उठली, "एशे गेछे! एशे गेछे!" आणि खिडक्या उजळल्या. वीज आली होती. पण गप्पा अशा रंगल्या होत्या की कुणी हललं नाही.

थोड्या वेळाने लीनाने नाक वर केलं. "वहिनी, वर काहीतरी जळतोय."

सगळे धावले. सदऱ्याच्या पाठीला इस्त्रीएवढं भोक पडलं होतं आणि खालच्या घोंगडीतून धूर निघत होता. गुरुदत्तने बटण बंद केलं, घोंगडी उचलून मोरीत टाकली. मावशींनी बंगालीत काय ते सुनावून घेतलं आणि मग मराठीत म्हणाल्या, "अगं बाई, वीज गेली की आधी बटण बंद करावं, इतकंही कळत नाही तुम्हा मुंबईपुण्याच्या लोकांना?"

"पण वीज गेली तेव्हा ती बंदच झाली होती ना, मावशी!" सुचित्रा रडकुंडीला येऊन म्हणाली. "मी कुठे परत चालू केली? ती आपोआप तापली."

मावशी आणि लीना खाली गेल्या. गुरुदत्त मात्र तो जळका सदरा हातात धरून ट्रंकेवर बसून राहिला. सुचित्राला वाटलं, सदऱ्याचं वाईट वाटतंय. सदऱ्याचं नव्हतंच. शिमुलहाटच्या मसुद्यातलं त्याचं स्वतःचं एक वाक्य त्याच्या छातीवर येऊन बसलं होतं. 'वीज परत आल्यावर यंत्रणा पूर्ववत होईल.' हे लिहिताना त्याला किती सुबक वाटलं होतं! गेली वीज, आली वीज, काम पुढे चालू. मध्ये थोडा वेळ गेला तर बॅटरी आहेच.

पण बॅटरी त्याने मुंबईच्या अंदाजाने मागितली होती. इथली वीज बॅटरी संपली तरी येत नसे. मग केबिनमधली माणसं झेंडी दाखवून, हाताने सांधे फिरवून गाड्या सोडणार. आणि अशात, एक गाडी झेंडीवर हळूहळू आत येत असताना, वीज परत आली तर? यंत्राला वीज जाण्याआधीचा हुकूम आठवणार. कुणीही बटण न दाबता ते जुना सिग्नल पुन्हा हिरवा करणार, आणि आडव्या मार्गावरची दुसरी गाडी सुटणार. चाचणीत हे दिसलंच नव्हतं, कारण त्याने लिहिलं होतं तेच यंत्र करीत होतं.

सकाळी त्याने साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बदलायला किती काळ लागेल?"

"जोडण्या बदलायच्या, पुन्हा सगळ्या चाचण्या घ्यायच्या. दुर्गापूजा उजाडेल, साहेब."

"पुण्याची जागा तोवर थांबणार नाही. ती दुसऱ्याला जाईल."

"ठाऊक आहे."

साहेब खिडकीशी गेले. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच पुढचं बोलला. "हे बघ भागवत, उद्घाटन होऊन जाऊ दे. केबिनमधल्या लोकांना मी ताकीद देतो, वीज गेली की सगळे हुकूम आधी रद्द करायचे. तू पुण्याला जा. मागाहून मी दुरुस्ती करून घेतो. उद्या सांग."

गुरुदत्तला मोह झाला नाही असं म्हणणं म्हणजे खोटं बोलणं. ट्रामने घरी येताना त्याने स्वतःला चार वेळा पटवलं की ताकीद पुरेल. पाचव्या वेळी त्याला ती जळकी घोंगडी आठवली. सुचित्रालाही वीज गेली की बटण बंद करायचं हे मावशींनी दहादा सांगितलंच होतं की.

घरी येऊन त्याने तिला काही न लपवता सांगितलं. ती ट्रंकेत चादरींच्या घड्या रचत होती. हात थांबले. डोळे भरून आले, आणि ते तिने लपवले नाहीत.

"आईला काय सांगू मी?" ती म्हणाली. खालून लीनाच्या हसण्याचा आवाज आला. शाळेतून नुकतीच परतली होती.

"लीना त्याच मार्गाने जाते ना?" सुचित्राने विचारलं.

"रोज."

"मग मला कशाला विचारता?" असं म्हणून तिने चादरी ट्रंकेतून काढल्या आणि परत कपाटात ठेवल्या. जरा आदळूनच ठेवल्या, पण ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुदत्तने मसुद्यातलं ते वाक्य खोडलं. नवं लिहिलं ते असं: 'वीज परत आल्यावर सर्व सिग्नल लालच राहतील. माणसाने पाहून, नव्याने बटण दाबल्याखेरीज एकही हिरवा होणार नाही.' साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.

"उद्घाटन हुकलं म्हणून वरून बोलणी खावी लागणार मला," ते म्हणाले. "आमच्या त्या खंदकाला अजून लोक हसतात. एवढं खणलं आणि मराठे काही आले नाहीत, म्हणे. अरे, न येण्यासाठीच तर खणला होता!"

पुण्याची जागा गेली. सुचित्रा बहिणीच्या लग्नाला एकटी जाऊन आली. ट्रंक पलंगाखाली गेली आणि गुरुदत्तची नडगी सुखी झाली. पूजेनंतर शिमुलहाटची केबिन फारसा गाजावाजा न होता सुरू झाली. बरण्यांत नवं लोणचं पडलं. सुचित्रा वीज गेली की आता सर्वांत आधी उठे, आणि बटणं बंद करता करता मावशींच्या चालीवर बंगालीत विजेच्या नावाने बोटं मोडी. आपल्याला हे घर आवडू लागलंय, हे तिला तेव्हा कळलं.

थंडीतल्या एका संध्याकाळी दोघं जेवायला बसणार तोच लीना धापा टाकीत वर आली. पर्स खुर्चीवर फेकली.

"दादा, तुमचा तो नवीन मशीन एकदम बेकार आहे!"

"का, काय झालं?"

"शिमुलहाटला वीज गेली. मग ते लोक झेंडी दाखवून एक गाडी आणत होते, समोरून, आडवी. आमची गाडी थांबलेली. तेवढ्यात वीज आला! सगळे दिवे लागले, आम्ही म्हटलं, चला, सुटलो. पण आमचा सिग्नल? लाल! ती दुसरी गाडी रमतगमत पुढून निघून गेली, तरी लाल! लोक इतक्या शिव्या देत होते. मी पण दिल्या. वीज आल्यावर हिरवा व्हायला काय जातं त्याचं?"

गुरुदत्तने सुचित्राकडे पाहिलं. ती पोळपाटापाशी लाटणं धरून तशीच उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"वहिनी, काय झालं?" लीना घाबरली.

"काही नाही झालं गं," सुचित्रा म्हणाली, "काहीच नाही झालं. बस, जेवून जा." आणि तिने आणखी एक पान मांडलं.